बोनेटवरचा तारा आणि आंबेनळीचा उतार

आमच्या पोलादपूरकडे नवी गाडी आली की लोक किंमत नंतर विचारतात, आधी विचारतात, "घाटात कशी आहे?" पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट म्हणजे सुमारे ४० किलोमीटर वळणं आणि जवळपास १३०० मीटर चढ. आता जरा आपल्या भाषेत बोलू. दीड टनाची गाडी वरून खाली पोलादपूरला आली की साधारण १९ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे ६० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणण्याइतकी उष्णता! थोडी इंजिन खातं, थोडी हवा, बाकीची ब्रेकच्या माथी. बोनेटवर तारा असो वा चार कड्या, mgh तेच. उलट महागडी गाडी वजनाला भारी, म्हणजे तिची परीक्षा जास्तच कडक.

मग पन्नास लाख कशाचे मोजतात लोक? लेदर सीट वगैरे ठीक आहे हो, पण मुख्य म्हणजे 'ही गाडी दगा देणार नाही' या भरवशाचे. हा भरवसा कंपन्या तिजोरीतल्या सोन्यासारखा जपतात. जपावाच. माझा वाद आहे तो जपण्याच्या पद्धतीशी.

१९८९ साली टोयोटाने अमेरिकेत लेक्सस आणली. काही महिन्यांतच मोजक्या तक्रारी आल्या. एका गाडीचा मागचा ब्रेक लाइट तापला, दुसरीचा क्रूझ कंट्रोल अडकला. नव्या ब्रँडसाठी हे मरणच! पण कंपनीने जवळपास आठ हजार गाड्या परत बोलावल्या, माणसं ग्राहकांच्या दारात पाठवली आणि दुरुस्त करून गाड्या धुऊन परत दिल्या. लेक्ससचं नाव खऱ्या अर्थाने तिथे झालं.

१९९७ मध्ये स्वीडनच्या एका मासिकाने मर्सिडीजची छोटी ए-क्लास अचानक वळवून पाहिली, तर गाडी उलटली. आधी कंपनीने हात झटकले. टीका वाढली तेव्हा विक्री थांबवली आणि प्रत्येक ए-क्लासला ईएसपी बसवलं. उशिरा, पण केलं.

आता आपल्याकडे या. मर्सिडीज तर आपल्या पुण्याचीच म्हणायची. १९९५ पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात जुळणी, २००९ पासून चाकणला. २००६ साली क्रॉम्प्टन ग्रीव्हज कंपनीच्या मर्सिडीजला अपघात झाला. व्यवस्थापकीय संचालक गंभीर जखमी झाले, पुढच्या एअरबॅग उघडल्याच नाहीत. प्रकरण राष्ट्रीय ग्राहक आयोगात गेलं. आयोगाने दहा लाखांची भरपाई दिली. त्यातला निम्मा भाग, एअरबॅग नेमक्या कधी उघडतात हे ग्राहकाला पुरतं सांगितलं नाही, म्हणून. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल कायम झाला जुलै २०२४ मध्ये. अठरा वर्षं! एवढ्या काळात आपल्या चार-साडेचार बॅच बाहेर पडतात.

गंमत बघा. एअरबॅग प्रत्येक धडकेत उघडत नाही, हे तांत्रिकदृष्ट्या खरंच आहे. सेन्सरला ठरावीक दिशेने ठरावीक मंदन मिळालं तरच ती उघडते. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? पण हे स्पष्ट छापलं तर जाहिरातीतल्या 'संपूर्ण सुरक्षे'ला टाचणी लागते ना! म्हणून फोटो मोठा आणि अटी बारीक. ज्या इंजिनिअरने तो उंबरठा ठरवला, त्याला सगळं ठाऊक असतं. मार्केटिंगच्या टेबलावर त्याचं तोंड बंद होतं.

कोणी म्हणेल, आता कायदा आहे. आहे! मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने १ एप्रिल २०२१ पासून सरकार सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकतं, दंड एक कोटीपर्यंत. पण कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला एक कोटी म्हणजे काय, चहापाणी. शिवाय महागड्या गाड्या मुळात थोड्या, मालक विखुरलेले, तक्रारी एकत्र यायच्या कशा? आंबेनळीत बोनेट उघडून उभी असलेली गाडी सगळा घाट बघतो; सर्व्हिस सेंटरच्या काचेआड गेलेली कोण बघणार?

माझं म्हणणं साधं आहे. ज्या पानावर एअरबॅगचा फोटो, त्याच पानावर, त्याच टायपात ती कधी उघडणार नाही हेही छापा. कॅम्पसला ऑटो कंपनी आली की मी हे विचारणार आहे. नोकरी मिळते का बघू.