एसएसडी महागली, मग ‘जास्त स्पीड’साठी जादा पैसे मोजायचे का?

समजा, रे रोडला दारूखान्यात लोखंडाचं एक गोदाम आहे. बाहेर टेम्पो भरून उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि आत आठ वर्षं जुना कॉम्प्युटर अजून सुरूच होतोय. बिल निघाल्याशिवाय माल हलणार नाही. शेवटी शेठ वैतागून म्हणतात, “जा रे, लॅमिंग्टन रोडवरून फास्टवाली हार्ड डिस्क घेऊन ये.”

पण फास्ट म्हणजे किती फास्ट? आणि त्यासाठी किती खिसा मोकळा करायचा?

हा प्रश्न आत्ताच का?

2025 च्या अखेरीस मेमरी चिप्सचे भाव चढायला लागले. एआयच्या डेटा सेंटर्सना या चिप्स प्रचंड प्रमाणात लागतात. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉन कंपनीने तर सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे चुकीची निवड आता जास्त महागात पडते.

फरक नेमका काय?

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे एका फेरीला साधारण 8 मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे 4 मिलिसेकंद जातात. सुई सरकायला लागणारा वेळ वेगळाच. कॉम्प्युटर सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइल्स उघडतात. प्रत्येक नट-बोल्टसाठी हमालाने गोदामाच्या टोकापर्यंत चक्कर मारावी, तसंच हे.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळा माल जणू काउंटरवरच. त्यामुळे हार्ड डिस्कवरून कुठल्याही बऱ्या एसएसडीवर गेलात, की फरक लगेच जाणवतो.

मग सगळ्यात महागडी घ्यायची का?

इथेच गोम आहे. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 200 एमबी देते, साटा एसएसडी 500 च्या आसपास आणि चांगली एनव्हीएमई 7000 पर्यंत. आकडा चौदापट, पण बिल चौदापट लवकर निघत नाही. त्या कामाला एवढी माहिती लागतच नाही.

लग्नाचं 50 जीबी शूटिंग कार्डमधून कॉपी करायचंय आणि कार्ड सेकंदाला 90 एमबीच देतंय? मग सव्वानऊ मिनिटं लागणारच. एसएसडी कितीही महाग असो.

कोणी काय घ्यावं?

- बिलं, हिशोब, अभ्यास: साधी साटा एसएसडी पुरते. जुन्या मदरबोर्डवर एनव्हीएमईची जागा नसूही शकते, आधी बघा.
- सीसीटीव्ही, जुने फोटो: हार्ड डिस्कच. इथे वेगापेक्षा जागा महत्त्वाची.
- रोज मोठ्या व्हिडिओंचं एडिटिंग: एनव्हीएमईचे जादा पैसे वसूल होतात.

आणि एक लक्षात ठेवा. वेग वाढला म्हणून डेटा सुरक्षित झाला असं नाही. एसएसडी अनेकदा काही इशारा न देता बंद पडते. महागड्या मॉडेलवर जाणारे पैसे वाचवून बॅकअपसाठी वेगळी हार्ड डिस्क घ्या. टेम्पो पाच मिनिटं थांबला तर ड्रायव्हर फक्त ओरडेल. वर्षभराची उधारीची वही उडाली, तर वसुली कुणाकडून करणार?