बिनतारी कळ आणि पंपाचा पत्ता

मुलचेरा तालुक्यात पुष्कळ ठिकाणी शेताच्या बांधाला लागूनच रान सुरू होते. पिकाला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री विहिरीवर जाणाऱ्यास वाघाचे व रानडुकराचे भय असते. अशा ठिकाणी घरच्या अंगणातून पंप चालू-बंद करणारी बिनतारी कळ ही चैनीची वस्तू नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. तथापि ती कशी चालते हे समजून घेतल्याशिवाय तिचा उपयोग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हातातील संचात एन्कोडर असतो. कळ दाबताच तो पत्ता आणि हुकूम एकत्र गुंफून एक सांकेतिक निरोप तयार करतो. बाजारात मिळणाऱ्या एचटी-१२ई या एन्कोडरचा निरोप १२ अंकांचा असतो व प्रत्येक अंक शून्य किंवा एक असतो. त्यांपैकी ८ अंक पत्त्याचे व ४ हुकमाचे. रेडिओलहरींवरून जाणारा हा निरोप टप्प्यातील सर्वच संचांना पोहोचतो. पंपाजवळील एचटी-१२डी हा डिकोडर आलेला पत्ता स्वतःच्या पत्त्याशी लागोपाठ ३ वेळा ताडून पाहतो. तो जुळला तरच हुकूम स्टार्टरपर्यंत जातो.

८ अंकांतून २५६ निरनिराळे पत्ते होतात. परंतु दोन शेजाऱ्यांच्या संचांचे पत्ते सारखेच राहिले, तर एकाने कळ दाबताच दुसऱ्याचाही पंप सुरू होईल. त्या क्षणी कोणी पंपाचे कपलिंग दुरुस्त करीत असेल, तर त्याचा हात जाईल.

म्हणून शेतकरी बंधूंनी संच बसवितानाच त्यातील लहान कळी फिरवून आपला पत्ता निराळा करावा. तशी सोय नसेल आणि प्रत्येक संचाचा पत्ता निराळा असल्याची खात्री विक्रेता देत नसेल, तर तो संच घेऊ नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी कोणत्या विहिरीवर कोणता पत्ता आहे याची नोंद वहीत ठेवावी. आणि दुरुस्तीपूर्वी पंपाचा मुख्य स्विच हाताने बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवावेत. डिकोडर केवळ पत्ता ओळखतो. कळ कोणी दाबली आणि पंपाजवळ कोण बसले आहे, हे त्याला कळत नाही.