ठिपका कोणाच्या दारात?

झोपडवस्त्यांची मोजणी आता ड्रोन आणि लेझर यंत्रांनी होते, म्हणून ती बिनचूक असते, हा समज सरकारी कचेऱ्यांतून निघून आपल्या काही सुशिक्षित मित्रांपर्यंत पोचला आहे. अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड पट्ट्यांतील कार्यकर्त्यांना तो महागात पडेल.

ड्रोनला छप्पर दिसते, बिऱ्हाड दिसत नाही. एकाच निळ्या प्लॅस्टिकखाली तीन चुली पेटत असतात. मोकळ्या मैदानात मोबाईल स्थाननिर्देश सुमारे पाच मीटरच्या आत देतो. दोन हात रुंदीच्या बोळात, पत्र्यांवर आपटून येणाऱ्या उपग्रहलहरींमुळे तो बराच अधिक ढळतो. दहा बाय बाराची खोली मात्र अवघी तीन-साडेतीन मीटर! म्हणजे ठिपका शेजाऱ्याच्या, किंवा पलीकडच्या गल्लीतल्या दारात पडणार. शिवाय अक्षांश-रेखांशांना माळा नसतो. तळाशी राहणारा आणि शिडीने वर चढणारा, दोघांचा निर्देश एकच. आणि पुनर्वसनाच्या हिशेबात वरच्या माळ्यावरच्याला आजवर डावललेच गेले आहे.

हे तांत्रिक किरकिरेपण नव्हे. जानेवारी १९७६ मध्ये राज्य सरकारने झोपड्यांची गणना करून ओळखपत्रे दिली. यादीत जो आला नाही, त्याच्या नशिबी कागद गोळा करणे आले. पुढे १ जानेवारी २००० पर्यंतच्या झोपडीला मोफत घर आणि २०११ पर्यंतच्या झोपडीला पैसे भरून, असे ठरले. तारखेचा पुरावा कागदावर आणि जागेचा नकाशावर. एक चुकला की दुसरा निरुपयोगी.

यावर मोजणीवर बहिष्कार घाला, असे काही साथी म्हणतात. ते सपशेल चूक आहे. न मोजलेल्या माणसाला हटवणे सर्वांत स्वस्त पडते. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ने भायखळा परिसरातील सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची गणना केली, ती त्यांना अदृश्य मानणाऱ्या शासनाला उत्तर म्हणूनच.

तेव्हा मागणी यंत्र काढण्याची नसून चांगल्या यंत्राची हवी. बोळातील मोजणी मोबाईलवर न भागवता, पक्क्या संदर्भबिंदूंवरून टोटल स्टेशन लावून व्हावी. मोजणीदाराबरोबर गल्लीतला माणूस असावा. प्रत्येक माळ्याची वेगळी नोंद व्हावी. दारावर रंगवलेला क्रमांक नकाशावरील क्रमांकाशी त्याच दिवशी ताडून पाहावा, आणि अंतिम होण्यापूर्वी तो नकाशा मराठी व हिंदीत नळकोंडाळ्यापाशी लावून, कामकरी बायाबापड्या घरी परतल्यावर, संध्याकाळी मोठ्याने वाचला जावा.