नव्या बस मोजा, गेलेल्याही मोजा

मुंबईत बेस्टची नवी बस आली की बसप्रेमी पोरं तिचा नंबर, डेपो, मार्ग वहीत टिपतात. अनेक पालकांना हा रिकामटेकडा उद्योग वाटतो. आम्हा शिक्षकांना तसं वाटत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची एसी डबलडेकर धावू लागली, तेव्हा जिकडेतिकडे तिचेच फोटो. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला जुनी डिझेल डबलडेकर शेवटची धावली. निरोपाला हेच बसप्रेमी जमले होते. म्हणजे आलेली आणि गेलेली, दोन्हींची नोंद त्यांच्याकडे असते.

खरा हिशेब तोच आहे. बेस्टचा ताफा एकेकाळी ४,००० च्या वर होता. २०२५ पर्यंत तो ३,००० च्या खाली आला. मे २०२५ मध्ये साध्या बसचं किमान भाडं मात्र ५ वरून १० रुपये झालं. कुर्ला, गोवंडीच्या थांब्यावर कॉलेजची वेळ टळेल म्हणून घड्याळ बघणाऱ्या आपल्या मुलींना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा पोरांवर रागावू नका. बस किती मिनिटांनी आली, तेही तारखेसह लिहायला सांगा. उद्या बस वाढवा म्हणून अर्ज द्यायचा झाला, तर नुसत्या तक्रारीपेक्षा ही वही जास्त बोलेल.