‘लेव्हल-२’ची आग म्हणजे छोटी आग नव्हे!

‘अमुक ठिकाणी लेव्हल-२ची आग, अग्निशमन दलाच्या गाड्या घटनास्थळी.’ असा मेसेज आमच्या डिजिटल डेस्कवर येतो आणि दोन मिनिटांत जसाच्या तसा तुमच्या मोबाइलवर नोटिफिकेशन म्हणून जातो. लेव्हल म्हणजे नेमकं काय, हे आम्ही सांगत नाही. वाचणारा मनाशी म्हणतो, दोनच ना, मग फार काही नसेल. ही समजूत चुकीची आहे आणि ती पसरवण्यात आम्हा बातमीदारांचाही हात आहे.

लेव्हल कशाची?

मुंबई अग्निशमन दलात आगीची वर्दी लेव्हल-१पासून वर चढत जाते. सर्वात वरचा टप्पा म्हणजे ‘ब्रिगेड कॉल’. घटनास्थळी पोहोचलेले अधिकारी परिस्थिती पाहून लेव्हल वाढवतात. म्हणजे किती गाड्या, किती मनुष्यबळ लागणार, याचा हा आकडा आहे. आत अडकलेल्यांच्या जिवाला किती धोका आहे, ते त्यातून कळत नाही.

ऑक्टोबर २०२१मध्ये करी रोडच्या वन अविघ्न पार्क इमारतीतली आग लेव्हल-४ची होती. त्यात एकाचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२३मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीतली आग लेव्हल-२ची होती. तिथे किमान सात जणांचा जीव गेला.

कारण बहुतेक वेळा ज्वाळांआधी धूर माणसाला गाठतो. डिसेंबर २०१७च्या कमला मिल आगीत १४ जण गेले, त्यातले बहुतेक गुदमरून. धुराला लेव्हल नसते.

‘आटोक्यात’ म्हणजे विझली का?

नाही. ‘आग आटोक्यात’ म्हणजे ती पसरणं थांबलं. त्यानंतर ‘कूलिंग’ चालतं, म्हणजे धुमसणाऱ्या वस्तूंवर पाणी मारणं. या काळात आग पुन्हा भडकू शकते. ‘आटोक्यात’ वाचून कागदपत्रं आणायला घरात शिरू नका. अग्निशमन दल सांगेल तेव्हाच आत जा.

‘रेफ्युज एरिया’ हा शब्दही असाच कानावरून जातो. उंच इमारतीत आग लागल्यावर सुटका होईपर्यंत थांबण्यासाठी राखलेली ही मोकळी जागा. तिथे जुनी कपाटं आणि सायकली रचणं म्हणजे स्वतःचीच वाट अडवणं.

१०८ला काय सांगाल?

राज्यात २०१४मध्ये १०८ सेवा ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ ‘एएलएस’ म्हणजे व्हेंटिलेटर, हृदयाचा मॉनिटर अशा प्रगत साधनांच्या आणि ७०४ ‘बीएलएस’ म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सोयींच्या. कोणती गाडी हवी, हे ठरवायला तुम्ही फोनवर दिलेली माहिती कामी येते.

त्यासाठी एक फरक लक्षात ठेवा. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं, माणूस कोसळतो आणि नीट श्वास घेत नाही. तिथे गाडीची वाट पाहत बसायचं नाही, छातीवर दाब देणं लगेच सुरू करायचं. म्हणून पत्ता सांगितल्यावर पुढची दोन वाक्यं हीच असावीत: शुद्ध आहे की नाही, श्वास चालू आहे की नाही.

हे शब्द कुणाचे?

काही जण म्हणतील, हे त्या खात्यांचे अंतर्गत शब्द आहेत, सामान्य माणसाला त्यांचं काय? वायरलेसवर बोलले जातात तोवर ते अंतर्गत. बातमीत आले की ते वाचकाचे झाले. अग्निशमन दलाने मेसेजमध्ये लेव्हलसोबत ‘धूर किती, कोणते मजले रिकामे केले’ एवढं लिहावं आणि आम्ही ते छापावं. एका ओळीची तर गोष्ट आहे.

एक शब्द तुमच्यासाठीही: ‘बी फॉर्म’. राज्याच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं हे प्रमाणपत्र. परवानाधारक एजन्सीकडून ते दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचं असतं. तुमच्या सोसायटीचा शेवटचा बी फॉर्म कधीचा आहे? आज सेक्रेटरींना विचारून बघा.