आरास १२ व्होल्टचीच हवी



गणेशोत्सव जवळ आला की शाळेत मखराची चर्चा सुरू होते. यंदा आम्ही एक नियम केला आहे. थेट प्लगमध्ये खोचायची तयार एलईडीची माळ शाळेच्या आराशीत लागणार नाही. सर्व दिवे १२ व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर लागतील आणि त्यांची जोडणी आठवी ते दहावीचे विद्यार्थी स्वतः करतील. यावर काही पालकांनी नाराजी कळवली आहे. बाजारात माळ स्वस्त मिळते, मग मुलांचा अभ्यासाचा वेळ कशाला घालवायचा, असे त्यांचे म्हणणे. त्यांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला मुद्दा सुरक्षिततेचा. गेल्या वर्षी मखर सजवताना सातवीतल्या एका विद्यार्थ्याला अशाच माळेचा झटका बसला. देवकृपेने थोडक्यात निभावले. "सर, एलईडीला तर तीनच व्होल्ट लागतात ना?" असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. त्याचे ज्ञान खरे होते, पण अपुरे होते. एक एलईडी दोन-तीन व्होल्टवर लागतो हे बरोबर. परंतु अनेक स्वस्त माळांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच. पुष्कळ एलईडी एकामागून एक जोडून त्यांना घरातला २३० व्होल्टचा पुरवठाच दिलेला असतो. त्या बारीक तारेचे आवरण कुठे सोलले गेले, तर तिथे हात लागणे जिवावर बेतू शकते. चांगल्या अडॅप्टरमध्ये घरची वीज आणि बाहेर येणारे १२ व्होल्ट यांच्यात ट्रान्सफॉर्मर असतो, थेट तारेची जोडणी नसते. ती १२ व्होल्टची तार कोरड्या हाताला लागली तरी झटका बसत नाही. अर्थात दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर त्या तापतात, म्हणून प्रत्येक जोडणी आधी विज्ञान शिक्षक तपासतील. अडॅप्टर उघडण्याची परवानगी मात्र कोणालाही नाही.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. एलईडी हा साध्या बल्बसारखा नाही. त्याच्या गरजेपेक्षा विभवांतर थोडेसे वाढले, तरी त्यातील विद्युतधारा झपाट्याने वाढते आणि तो जळतो. म्हणून त्याच्यासोबत रेझिस्टर लावावा लागतो आणि तो किती ओहमचा, हे मोजावे लागते. लाल एलईडी सुमारे २ व्होल्ट घेतो. १२ मधून २ गेले, उरले १०. धारा २० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर ठेवायची, तर १० भागिले ०.०२ म्हणजे ५०० ओहम. दुकानात ५६० ओहमचा सहज मिळतो, तो लावला की धारा सुमारे १८ मिलीअँपिअर राहते.

आता पांढरे एलईडी घ्या. एकाला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तीन एका रांगेत जोडले तर ९.६ झाले, उरले २.४ व्होल्ट, रेझिस्टर १२० ओहमचा. पहिल्या जोडणीत १२ पैकी १० व्होल्ट रेझिस्टरमध्ये नुसत्या उष्णतेत गेले, दुसरीत फक्त २.४. वीजबचतीवर आम्ही कितीही भाषणे दिली, तरी हा हिशेब विद्यार्थ्याने स्वतः केला की जे कळते ते भाषणाने कळत नाही. १ अँपिअरच्या एका अडॅप्टरवर तीन-तीन एलईडींच्या अशा ४० रांगा, म्हणजे १२० दिवे, निर्धास्तपणे लागतात. प्रत्येक रांगेला रेझिस्टर मात्र स्वतंत्र हवा.

आम्ही पदवी हिंदी माध्यमातून घेतली. 'प्रतिरोध' या शब्दाची व्याख्या आम्हाला तोंडपाठ होती आणि परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळाले. पण रेझिस्टर प्रत्यक्ष हातात धरला तो शिक्षक झाल्यावर. मराठीत त्याला 'रोध' म्हणा, हिंदीत 'प्रतिरोध', दुकानदाराला 'रजिस्टेंस' म्हणून मागा. तो न लावता एलईडी जळाला, की तिन्ही शब्दांचा अर्थ एकदम समजतो. आमच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी नोकरी लागेपर्यंत थांबावे लागू नये.

आपल्या इंदूरला अनंत चतुर्दशीची रात्र मिलच्या झांक्यांची. मिल बंद पडल्या, तरी झांक्या निघतात, कारण त्यांच्यामागे कामगारांची स्वतःची मेहनत आहे. शाळेच्या मखरामागेही मुलांची मेहनत असावी, एवढीच आमची अपेक्षा.

विश्वस्त मंडळींना विनंती की प्रयोगशाळेसाठी चार मल्टिमीटर आणि दोन चांगले अडॅप्टर मंजूर करावेत. पालकांनी घरात पडून असलेले, पण चालू स्थितीतले १२ व्होल्टचे अडॅप्टर पाठवावेत. विद्यार्थ्यांनी आधी कागदावर हिशेब दाखवावा, मग तार हातात घ्यावी. प्रत्येक माळेखाली तिचा हिशेब आणि जोडणाऱ्याचे नाव लावले जाईल.

आरतीच्या वेळी एखादी माळ विझलेली दिसली, तर कृपया हसू नये. खालचे नाव वाचून त्या विद्यार्थ्याला हाक मारावी. तो मल्टिमीटर घेऊन येईल.