वस्तुसंग्रहालयें कोणाचीं?

इ. स. २०२२ च्या ऑगस्ट महिन्यांत प्राग शहरीं आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय परिषदेनें ‘वस्तुसंग्रहालय’ या शब्दाची नवी व्याख्या मंजूर केली. संग्रह, जतन, संशोधन व प्रदर्शन हीं जुनीं कामें तींत आहेतच; परंतु संग्रहालय सर्वांस सुगम असावें, कोणासहि तें परकें वाटूं नये व तें निरनिराळ्या समाजांच्या सहभागानें चालावें, असेंही तींत आतां म्हटलें आहे. कायद्यांत व्याख्येचें महत्त्व एवढ्याचसाठीं कीं, तिच्या आधारें कोणास तरी हक्क सांगतां येतो. तेव्हां या व्याख्येनें आमच्या इकडील लोकांस कोणता हक्क सांगतां येईल, हें पाहणें अवश्य आहे.

मुंबईचें भायखळ्याचें संग्रहालय घ्या. राणीच्या बागेंतील हें संग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें, तें व्हिक्टोरिया राणी व तिचा पति आल्बर्ट यांच्या नांवानें. ज्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं त्यासाठीं खटपट केली, त्यांचें नांव त्यास मिळावयास १९७५ साल उजाडावें लागलें. नांव बदललें, ठीकच झालें. परंतु आंतील कपाटांत निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या मातीच्या मूर्ति आहेत, त्यांचें काय? मूर्ति सुबक आहेत. कारागिराच्या हातास नांव ठेवतां यावयाचें नाहीं. मात्र त्या मांडण्यांतली दृष्टि राज्यकर्त्यांची, रयतेंत किती ‘प्रकारचे’ लोक आहेत हें दाखविण्याची. ज्याची प्रतिमा कांचेआड उभी राहिली, त्यासच तिच्याविषयीं विचारावें, असा रिवाज त्या काळीं नव्हता. साक्षीदार कोर्टाच्या दारांत उभा असतां त्याची जबानी न घेतांच निकाल द्यावा, तशांतला हा प्रकार!

कोणी म्हणेल, दार सर्वांस उघडें आहे, अडवितो कोण? अडवणूक केवळ दरवानच करतो असें नाहीं. जात्यावर ‘धान्य दळण्याचें साधन, १९ वें शतक’ एवढीच पाटी लाविली, तर ज्या बाईनें उभा जन्म दळण दळलें, तिनें तींतून काय शिकावें? उलट जात्यास टाकी केव्हां लावावी, खुंटा सैल कां होतो, पहांटे ओव्या कोणत्या म्हणत, हें त्या पाटी लिहिणाऱ्या पदवीधरास तिनें सांगावयाचें. त्या विषयांत पंडित ती आहे. तिला विचारून पाटी लिहिली, म्हणजे ती पुढल्या खेपेस शेजारणीला घेऊन येईल.

पुण्यांत दिनकर केळकर, म्हणजे कवि ‘अज्ञातवासी’, यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्र्या अशा घरगुती वस्तु जमविल्या व बालपणींच वारलेल्या आपल्या राजा नांवाच्या मुलाचें नांव त्या संग्रहास दिलें. राजेरजवाड्यांच्या तलवारींइतकाच स्वयंपाकघरांतील जिन्नसहि जतनास पात्र आहे, हें त्यांनीं स्वतःच्या खर्चानें व श्रमानें दाखविलें. तथापि वस्तु आली, तशी ती घडविणाऱ्याची व वापरणाऱ्याची वाणीहि आली पाहिजे. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानें २०१५ पासून मोटारींतून फिरतें प्रदर्शन काढलें, हेंहि स्तुत्यच. पण अशी गाडी गांवास दाखवून परततांना रिकामी येऊं नये, गांवानें सांगितलेलें टिपून आणावें.

विश्वस्तांच्या व नगरपालिकांच्या मंडळांत विद्वान व धनिक असतातच. त्यांत विणकर, कुंभार, आदिवासी, दलित व स्त्रिया यांस शोभेपुरती नव्हे, तर मत देण्याच्या अधिकारासह जागा मिळावी, अशी आमची मागणी आहे. मजुरास सवड सायंकाळीं. त्या वेळीं दरवाजे लावून ‘लोक येत नाहींत’ म्हणणें म्हणजे चेष्टा होय.

आमच्या कित्येक व्यापारी वाचकांच्या माळ्यावर आजा-पणजाच्या रोजकीर्दी, खतावण्या, शेर, पायल्या धूळ खात पडल्या असतील. त्या संग्रहालयास अवश्य द्याव्या. मात्र त्या दुकानीं माप घालणाऱ्या मापाड्याचें व पोतीं वाहणाऱ्या हमालाचें नांव घरांत कोणास आठवत असेल, तर तें सोबत लिहून द्यावें आणि तें पाटीवर यावें अशी अट घालावी. दानपत्रांत अशी अट घालण्यास कायद्याची आडकाठी नाहीं.